रविवारची पिंजण

दिनांक १ डिसेंबर २००५. रहमतच्या हाती पगार पडला पाच हजार चारशे बारा रुपये. कागदावर तो बराच जास्त होता. पण भविष्य निर्वाह निधी, पतसंस्थेचा हप्ता आणि सणाची उचल यांनी आपापला घास घेतल्यावर ताटात उरलं ते एवढंच. बाभुळगावातल्या एका सरकारी कार्यालयात तो एकवीस वर्षं लिपिक होता. आवक-जावक सांभाळायचा. या एकवीस वर्षांत त्याने टेबलाखालून कुणाचा चहासुद्धा घेतला नव्हता. खालच्या जागेवरच्या माणसाचा असा सरळपणा लोकांना गुण वाटत नाही, अडवणूक वाटते.

यंदा मात्र गाडं अडलं होतं. थोरली मुलगी कशफ यवतमाळला एका खाजगी नर्सिंग शाळेत लागली होती. पहिला हप्ता कसाबसा भरला. दुसरा साडेचार हजारांचा, अठ्ठावीस फेब्रुवारीच्या आत. नाही भरला तर परीक्षेला बसू देणार नाहीत, हे शाळेने आधीच बजावलं होतं. आणि एकदा का पोरगी घरी परतली, की बिरादरीतले लोक दुसऱ्याच दिवशी स्थळं घेऊन येतील, हे रहमतला आणि त्याच्या बायकोला, शहनाजला, पक्कं माहीत होतं.

"कशफचे अब्बा," शहनाज म्हणाली, "मागं शेडात यंत्र पडून हाय. रविवारी हात हलवले तं काय सरकार बुडन?"

यंत्र म्हणजे कापूस पिंजायचं यंत्र. रहमतचे वडील पिंजारी. आधी खांद्यावर धुनकी, म्हणजे कापूस पिंजायची धनुकली, टाकून गावोगाव फिरले, मग उतारवयात मोटरवर चालणारं यंत्र घेतलं. रहमतला नोकरी लागली तेव्हा म्हाताऱ्याने मोहल्ल्यात पेढे वाटले आणि सांगितलं, "माझा पोरगा खुर्चीवर बसते. आता आमच्या घरात कोणाच्या छातीत कापूस जानार नाही." ते गेल्यापासून यंत्रावर पोतं टाकलेलं होतं.

रहमत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेला. त्याने हिशेब मांडला. यंदा कापसाचे भाव पडलेले, म्हणजे रुई स्वस्त. मजुरी घरची, जागा घरची, वीज तेवढी लागेल. महिन्याचे चार रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार धरले तर आठ-दहा गाद्या सहज होतील. कच्चा माल स्वस्त, तर नफा जास्त. पुस्तकात असंच लिहिलं होतं. गादी घेणाराही कापसावरच जगतो, हे काही त्या पुस्तकात नव्हतं.

पोतं काढलं, मोटरला तेल घातलं. पण सुरू करण्याआधी रहमतने जे केलं, ते अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कुणी केलं नसतं. त्याने परवानगीचा अर्ज केला. सरकारी नोकराला खाजगी धंदा करायचा तर आधी विचारावं लागतं, हा नियम तो स्वतःच दरवर्षी परिपत्रक म्हणून सर्वांच्या सहीसाठी फिरवायचा.

हेडक्लार्क देवराव यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"रहमत, तुले कोनी चावलं काय बे?"

"काहून?"

"अरे, विचारलं कायले तू? त्या पाटबंधारेवाल्याच्या बायकोच्या नावानं विम्याची एजन्सी हाय. माह्या साळ्याच्या नावानं बियाण्याचं दुकान हाय, ते कोन चालवते, तुले मालूम हाय. हा खेमसिंग," देवरावांनी दाराशी उभ्या शिपायाकडे बोट केलं, "सकाळी आठ घरी दूध घालून हापिसात येते. कोनं विचारलं कोनाले?"

"मी तं म्हशीलेबी नाई विचारत," खेमसिंग म्हणाला.

"विचारलं नाई तं कोनी पाहात नाई. विचारलं का कागद होते. कागद झाला का त्याले उत्तर लागते. आता साहेब हो म्हनले तं साहेब फसले, नाई म्हनले तं तू फसला. शहनाजभाबीच्या नावानं कर अन् मोकळा हो."

"पिंजनार मी, अन् नाव तिचं? कायले खोटं करू?"

देवरावांनी कपाळाला हात लावला आणि अर्ज वर पाठवला.

साहेब पुण्याकडचे. अर्ज वाचून ते प्रसन्न झाले, हे पाहून रहमतला बरं वाटलं.

"म्हणजे तुम्ही स्वतः गाद्या करता? वा. आजकाल असा माणूस मिळतो कुठे? पाहू, विचार करू परवानगीचा. अहो, आमच्याकडे पाच-सहा गाद्या आहेत, दगड झाल्यात नुसत्या. एकदा येऊन बघा ना."

बघा ना म्हणजे काय, हे एकवीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मधल्या काळात रहमत गिऱ्हाईक शोधायला निघाला. परवानगी येईल तेव्हा येईल. निदान कामं तरी बोलून ठेवावीत. पहिलं घर किसनरावांचं. त्यांच्या सुरभीचं लग्न उन्हाळ्यात होतं, आणि लेकीसोबत गादी-रजई देण्याची रीत. किसनराव ओसरीवर बसलेले. पुढच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि आत जमिनीपासून छातीपर्यंत कापूस. पांढराशुभ्र, कोंबून भरलेला.

"किसनरावभाऊ, सुरभीच्या गाद्या माह्याकडूनच."

"ये, बस. मैनाबाई, च्या टाक वो." आत बायकोला हाक देऊन किसनराव हसले. "गादी म्हन्तं? अरे, दोन महिने झाले, भाव येईल म्हनून घरात भरून ठेवला. बाजा बाहेर काढल्या. आता आम्ही सारेच त्या कापसावर झोपून राह्यलो. मी या टोकाले, माय त्या टोकाले. आमच्याएवढी मऊ गादी तुह्या साहेबाच्या घरीबी नसन."

"अन् लग्नाचं?"

"लग्न व्हईल. पन कापूस निघाल्याबिगर गादी कायची? सध्या तं घरात माणसाले जागा नाई."

आतून मैनाबाईंचा आवाज आला, "अन् अंगाले खाज सुटते ते सांगा ना!"

रहमत पाच घरं फिरला. चार घरी तीच खोली, तोच ढीग आणि ढिगावर चादर टाकून झोपलेली माणसं. पाचव्या घरी फोमची गादी आली होती. तिला पिंजावं लागत नाही, असं त्या घरच्या पोराने त्याला कौतुकाने दाखवलं. घरी येताना रहमत मनाशी चरफडत होता. गावात कापूस इतका, की लोक त्यावरच झोपतात. म्हणून गादीवाल्याला काम नाही. हे वाणिज्याच्या कुठल्या प्रकरणात बसतं?

उरले पगारदार. पगारदारांत पहिले साहेब.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी रहमतने हातगाडीवर यंत्र चढवलं आणि साहेबांच्या बंगल्यामागच्या अंगणात नेलं. सहा गाद्या, आठ उश्या, चार रजया. गाद्या खरंच दगड झाल्या होत्या. कितीतरी वर्षांची धूळ, तेल आणि घाम कापसात मुरलेला. यंत्र सुरू झालं की अंगणभर धुरळा उठायचा. नाकाला रुमाल बांधूनही संध्याकाळी रहमतच्या थुंकीत काळं यायचं. बाईसाहेब खिडकी लावून घ्यायच्या आणि मधून फटीतून सांगायच्या, "जरा भरगच्च करा हं, मागच्याने अगदी पातळ केल्या होत्या."

खोळी फाटल्या होत्या. बाईसाहेबांनी पट्ट्यापट्ट्यांचं कापड पसंत केलं. "तुम्हीच घेऊन या ना, तुमची ओळख असेल. मग देते." रहमत अफरोजच्या दुकानी गेला. चोवीस मीटर, अडतीस रुपये मीटर, नऊशे बारा रुपये. आयुष्यात पहिल्यांदा त्याने उधारीवर माल उचलला.

"साहेबाचं हाय ना?" अफरोज म्हणाला. "मंग कायची फिकीर? लिहून ठेवतो तुह्या नावावर."

"साहेबाचं हाय तं माह्या नावावर कायले?"

"मी साहेबाले वळखतो काय? मी तुले वळखतो."

चार रविवार गेले त्यात. शहनाज घरी बसून टाके घालायची, बोटाला सुई टोचली की म्हणायची, "अर्ज मंजूर व्हायच्या आधीच साहेब त्यावर झोपले. आता त्याहिले जाग कशी येनार?"

"येईल. चांगलं काम केलं का मानूस नाही म्हनत नाई."

"तुमी बोलून राह्यले, का स्वतःले समजावून राह्यले?"

रहमतने पुढची खोळ तिच्यापुढे सरकवली. महिना संपला होता आणि कशफच्या हप्त्यासाठी त्याच्या खिशात या धंद्यातून आलेला एक रुपयाही नव्हता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कागद आला, पण परवानगीचा नव्हता. वरच्या कार्यालयात कुणीतरी निनावी तक्रार केली होती: आपला अमुक लिपिक रविवारी खाजगी काम करताना दिसतो. तारखा दिल्या होत्या, ठिकाण नव्हतं. वरच्या कार्यालयाने ती खाली धाडली आणि त्यावरून निघालेल्या नोटिशीवर साहेबांनी सह्यांच्या गठ्ठ्यात न वाचता सही ठोकली. ‘दि. ८, १५ व २२ जानेवारी रोजी विनापरवानगी खाजगी काम केल्याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.’

देवरावांनी कागद वाचला आणि त्यांना हसू आवरेना. खेमसिंगला जवळ बोलावून वाचून दाखवला.

"साहेबानं स्वतःच्या गादीवर बसून इचारलं, का गादी कोनं केली!" खेमसिंग म्हणाला.

"लिही, रहमत," देवराव डोळे पुसत म्हणाले, "का ते खाजगी नव्हतं, सरकारी काम होतं."

रहमतला हसू आलं नाही. त्याची कानशिलं तापली होती. त्याने कागद ओढला आणि सरळ लिहिलं: नमूद तारखांना मी काम केले हे खरे आहे. ठिकाण, आपले शासकीय निवासस्थान. मोबदला, निरंक. मग त्या कागदाला आवक क्रमांक टाकला आणि ठेवला साहेबांपुढे.

अर्ध्या तासात बोलावणं आलं. साहेबांनी दार लावून घ्यायला सांगितलं.

"हे काय लिहिलंत?"

"जे झालं ते, साहेब."

"आमच्या घराचं नाव कशाला?"

"ठिकाण लिहा लागते, साहेब."

साहेबांनी खुलासा रहमतकडे सरकवला. मग आवाज मऊ करून म्हणाले, "हे बघा, हे वर गेलं तर माझी चौकशी लागेल आणि तुमची वेतनवाढ थांबेल. कुणाचं भलं आहे यात? हा खुलासा परत घ्या. मी तक्रारीत तथ्य नाही म्हणून कळवतो. मात्र आता तक्रार आल्यावर परवानगी काही देता येणार नाही. तेवढं समजून घ्या."

खुलासा वर गेला असता तर साहेबांची झोप उडाली असती, आणि ते पाहायला रहमतला मनापासून आवडलं असतं. पण वेतनवाढ थांबली तर कशफच्या पुढच्या वर्षाचं काय? त्याने कागद उचलला, घडी केली, खिशात घातला. आवक रजिस्टरातली ती ओळ स्वतःच्या हाताने खोडताना पेनाची निब कागदात रुतली.

जाताना तो दाराशी थांबला. "साहेब, खोळीच्या कापडाचे नऊशे बारा रुपये..."

"ते बाईसाहेबांना विचारा. घरचं मी पाहात नाही."

संध्याकाळी तो बंगल्यावर गेला. बाईसाहेब म्हणाल्या, "अगंबाई, साहेबांनी दिले नाहीत का अजून? त्यांनाच विचारा."

तो दोनदा इकडे गेला, तीनदा तिकडे. मे महिन्यात साहेबांची बदली झाली. ट्रकमध्ये सामान भरताना सहाही गाद्या नीट गुंडाळून, वर ताडपत्री टाकून गेल्या, असं खेमसिंगने सांगितलं.

पण ते पुढचं. फेब्रुवारीची वीस तारीख उलटली तेव्हा रहमतने राजूरकडच्या एका गादीवाल्याला निरोप धाडला. तो आला, यंत्राभोवती दोन फेऱ्या मारल्या, मोटर सुरू करून पाहिली आणि पाच हजार म्हणाला. यंत्र त्याहून किमतीचं होतं. शहनाज दाराच्या आडून म्हणाली, "घासाघीस करा ना थोडी." रहमतने केली नाही. टेम्पोत यंत्र चढवताना लोखंडी पाय शेडाच्या चौकटीला घासला आणि एक ढलपा निघाला, तो अजून तसाच आहे. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून रहमत यवतमाळला गेला आणि साडेचार हजार भरून पावती घेऊन आला. उरलेले पाचशे अफरोजला दिले. कशफ परीक्षेला बसली.

एप्रिलच्या एका रविवारी रहमत ओट्यावर नुसता बसला होता. किसनराव आले, मोठ्याने हाका मारत.

"रहमत! अरे, कापूस गेला एकदाचा. भाव काय भेटला ते इचारू नको. पन खोली रिकामी झाली. आता भुईवर झोपवत नाई, सवय लागली ना मऊची! सुरभीच्या दोन अन् आमच्या दोन, चार गाद्या कर. पैसे रोख."

रहमतने शेडाकडे पाहिलं. तिथे आता शहनाजच्या गोवऱ्या होत्या.

"यंत्र इकलं, किसनरावभाऊ."

"इकलं? काहून?"

"तुमचा कापूस निघत नव्हता म्हनून," रहमत म्हणाला, आणि आत जाऊन त्याने पाण्याचा तांब्या आणला.

किसनरावांनी फोमच्या घेतल्या.

त्यानंतरच्या दोन पगारांतून रहमतने अफरोजला शंभर-शंभर दिले. खोळीच्या कापडाचे दोनशे बारा रुपये अजून देणं आहे.