बायोस गेलं आणि केडगावहून गाडी भरून आली

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. आणि चहा जरा पुढं सरकवा, हे सांगताना माझा घसा अजून कोरडा पडतो.

आता तुम्ही मला ओळखता. कोरेगाव भीमाच्या कंपनीत मी मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की लोक देवाचं नाव नंतर घेतात, आधी माझं घेतात. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. खरं तर बढाई म्हणूनच सांगतोय, कारण सगळं रामायण त्या बढाईतूनच झालं.

त्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी आमच्या कंपनीला सुट्टी, म्हणून मी शिरूरला घरीच. बायकोचा, म्हणजे मनीषाचा, त्याच दिवशी दुपारी चारला ऑनलाइन पाठ होता. एका शाळेत शिक्षिकेची जागा निघाली होती. मुलं लहान होती म्हणून बरीच वर्षं तिनं नोकरीचं नाव काढलं नव्हतं. आता काढलं, तर शाळेनं सांगितलं, आधी आम्हाला लॅपटॉपवरून एक धडा शिकवून दाखवा. बाईसाहेबांनी आठवडाभर तयारी केली. बाष्पीभवन! आमच्या घरात चहाला उकळी आली तरी ती वाफेकडं बोट दाखवून बोलायला लागायची.

त्या सकाळी ती सराव करायला शेजारच्या वहिनींकडं गेली. सोबत विद्यार्थी म्हणून बायोला घेऊन गेली.

बायो म्हणजे मनीषाची आत्या. खरं नाव कुणालाच आठवत नाही, अख्खं केडगाव तिला बायो म्हणतं. वय विचारलं तर दर वेळी वेगळं सांगते. गुडघे दाखवायला म्हणून आमच्याकडं आली होती, पण गुडघे सोडून सगळं शिरूर बघून झालं होतं.

तर घरात मी एकटा. समोर मनीषाचा लॅपटॉप. आदल्या दिवशी ती एकदाच म्हणाली होती, "जरा हळू चालतोय हो." बास! मेंटेनन्सच्या माणसाला एवढं पुरतं. म्हटलं, बायकोचा एवढा मोठा दिवस, आपलाही हातभार लागावा. उघडला. कोपऱ्यात निरोप आला, फर्मवेअर अपडेट आहे, करू का? म्हटलं, कर की बाबा, विचारतोस काय!

स्क्रीनवर एक पट्टी आली. पट्टीखाली लिहिलं होतं, बंद करू नका. पट्टी निम्म्यात गेली, स्क्रीन काळी झाली आणि आतला पंखा विमानासारखा ओरडायला लागला. मी थांबलो. अजून थांबलो. आता मला सांगा, कंपनीत मशीन अडकलं की आपण काय करतो? आधी बंद, मग चालू. बरोबर ना?

मी बटण दाबून धरलं.

पंखा थांबला. सगळं शांत झालं. मग मी परत चालू केलं, तर एक दिवा तेवढा लुकलुकला आणि विझला. बास. गेलं!

मोबाइलवर शोधलं तेव्हा कळलं की लॅपटॉपच्या पोटात बायोस नावाचं एक प्रकरण असतं. बटण दाबल्यावर लॅपटॉपला झोपेतून उठवायचं काम त्याचं. ते निम्मं लिहून झालेलं असताना मी त्याची मान पिरगाळली होती. म्हणजे उठवणाराच मेला, आता उठवणार कोण?

मी फोन लावला दत्ताभाऊला. दत्ताभाऊ म्हणजे माझा मेहुणा, मनीषाचा धाकटा भाऊ. केडगावात त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे, कॉम्प्युटरमधलं त्याला कळतं. पण तो नेमका तेव्हा शेतात, ट्रॅक्टरशेजारी उभा. ट्रॅक्टर चालू!

"दत्ताभाऊ, बायोस गेलं!" मी ओरडलो.

"काय? कोण गेलं?"

"बायोस! बायोस!"

"बायो? आवो काय सांगता दाजी! कवा?"

"आत्ताच! मधेच काळं पडलं. हलवून बघितलं, उठवून बघितलं, काय बी हालचाल न्हाई!"

पलीकडं ट्रॅक्टर बंद झाला. दत्ताभाऊचा आवाज एकदम खोल गेला. "ताईला सांगितलं का?"

"डोकं फिरलंय का? तिचा आज पाठ हाय. तिला कळायच्या आत काय तरी केलं पायजे."

"बरुबर हाय दाजी. तुमी धीर सोडू नका. मी आलोच."

फोन ठेवला आणि माझे डोळे भरून आले हो! म्हटलं, मेहुणा असावा तर असा. एका लॅपटॉपसाठी नांगरट टाकून निघाला माणूस.

मग मी फोनचा आवाज बंद केला, लॅपटॉप कसा उठवायचा याचे व्हिडिओ लावले आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो. मागचं झाकण खोललं. बॅटरीची वायर काढली, परत लावली. काही नाही. मधून मधून दत्ताभाऊचे फोन येत होते, ते मी कापत होतो. येतोयच ना, मग बोलायचं काय?

दुपार व्हायला आली तशी दारात गाडी थांबली. मागे अजून एक गाडी. आणि काय सांगू तुम्हाला, गाडीचं दार उघडायच्या आधी आतून रडण्याचा आवाज आला!

मी खिडकीतून बघितलं. केडगावची मंडळी, भांडगावची मंडळी, दौंडच्या मावशी. बायकांचे पदर डोळ्याला, दत्ताभाऊच्या हातात हार. सगळ्यात पुढं आप्पा, म्हणजे मनीषाचे चुलते, बायोचे सख्खे भाऊ. डोक्याला पांढरा टॉवेल.

माझ्या मनात काय आलं असेल? सांगतो. माझ्या मनात आलं, लॅपटॉपसाठी इतकं? मनीषाच्या माहेरची माणसं मायाळू आहेत हे माहीत होतं, पण इतकी?

मी स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन तसाच दारात गेलो. आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"कवा गेली?"

"सकाळी, आप्पा. नाष्टा झाल्यावर."

"लई तरास झाला का?"

"न्हाई. पंखा जोरात फिरला थोडा वेळ. मग गार पडलं समदं."

आप्पांनी डोळे पुसले. "शेवटचं काय म्हणनं होतं का तिचं?"

"म्हणनं म्हंजी... लिहून आलं होतं. बंद करू नका म्हणून."

"मंग?"

"मंग काय आप्पा," मी मान खाली घातली, "मी बंद केलं."

मागं उभ्या असलेल्या एक मावशी मटकन खाली बसल्या.

दत्ताभाऊ पुढं आला. "दाजी, डाक्टर तरी बोलवायचा!"

"बाहेरचा माणूस कशाला? मी हाय ना. मागचं समदं खोलून बघितलंय. बॅटरी काढली, पुसली, परत घातली. तरी न्हाई."

दत्ताभाऊ माझ्याकडं बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "बायोला बॅटरी कवा बसवली वं? आमाला कुणी बोललं न्हाई."

बायो? मी 'आँ?' करणार, तेवढ्यात बायकांनी अंगणात बसून जो हंबरडा फोडला, त्यात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

आणि तो हंबरडा भिंतीपलीकडं शेजारच्या वहिनींकडं गेला. तिथं बायो बाष्पीभवन शिकत बसली होती. रडणं कानावर आल्यावर गप्प बसेल ती बायो कसली! पदर सावरत, गुडघ्यावर हात ठेवत आली, तोंड झाकलेल्या बायकांच्या घोळक्यात बसली आणि सगळ्यांपेक्षा वरच्या पट्टीत सुरू झाली. 'आगं माझ्या बया गंऽऽ!' कुणाचं लक्षच गेलं नाही. बऱ्यापैकी रडून झाल्यावर तिनं शेजारी बसलेल्या दौंडच्या मावशींना कोपरानं ढोसलं.

"गेलं कोण गं?"

मावशी पदरात तोंड खुपसूनच म्हणाल्या, "आगं, आपली बायो गेली की!"

"आगं बाई! लई गुणाची हुती गंऽऽ," बायोनं अर्धा सूर लावला. आणि मग तो सूर मधेच थांबला. "कोणची बायो?"

मावशींनी पदर काढला. पुढचं मी वर्णन करू शकत नाही. एक किंकाळी, दोन माणसं गाडीकडं पळाली आणि दत्ताभाऊच्या हातातला हार आमच्या कुंडीवर पडला.

खुलासा व्हायला बराच वेळ लागला. मी बायोस म्हणजे काय ते सांगत होतो आणि माणसं माझ्याकडं अशी बघत होती की आता हार मलाच घालतील. आप्पा तर नुसते "बायोस... बायोस..." असं दात ओठ खात म्हणत होते. एकटी बायो खूश. एवढी गाड्या भरून माणसं आपल्यासाठी आली! ओट्यावर बसून एकेकाकडं बघत होती.

"भांडगावचा शिवा दिसत न्हाई कुठं? मी मेले तरी त्याला सवड न्हाई व्हय?"

या सगळ्यात माझ्या मागं मनीषा येऊन कधी उभी राहिली, मला कळलं नाही. तिला बायोचं काहीच ऐकायचं नव्हतं. तिनं एकच विचारलं.

"कुणाचा लॅपटॉप?"

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. ती रडली नाही, ओरडली नाही. घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाली, "चारला पाठ आहे माझा." ओरडली असती तर परवडलं असतं हो!

तिथंच माझी सटकली, स्वतःवर. म्हटलं, बास झालं. आज हे बायोस उठवल्याशिवाय मी खोलीतून बाहेर येणार नाही. चारच्या आत मनीषाच्या हातात चालू लॅपटॉप देणार, म्हणजे देणार!

दत्ताभाऊची बायको पल्लवी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. तिला आत्यासासूच्या मातीला जायला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून ती बिचारी लॅपटॉप घेऊन आली होती. गाडीत एका डोळ्यानं रडत, एका डोळ्यानं मीटिंग बघत! तिनं लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आमच्या बायोसची फाइल काढून पेनड्राइव्हवर भरून दिली आणि काहीही न बोलता आपला लॅपटॉप उचलून बाहेर गेली.

मी झाकण बसवलं, दार लोटून घेतलं आणि भिडलो.

कृती अशी होती. पेनड्राइव्ह लावायचा, चार्जर काढायचा, कीबोर्डवरची दोन बटणं एकदम दाबून धरायची आणि दाबलेली असतानाच चार्जर लावायचा. सोपं वाटतं ना? करून बघा! ती दोन बटणं एका हातात मावत नाहीत आणि दुसऱ्या हातानं पिन भोकात जात नाही. पहिल्यांदा बटण सुटलं. दुसऱ्यांदा पिन सुटली. मग पिन आधीच लावून भिंतीवरचं बटण पायाच्या अंगठ्यानं दाबायचं ठरवलं. मी जमिनीवर उताणा, लॅपटॉप पोटावर, एक पाय भिंतीवर. त्या अवस्थेत मला कुणी बघितलं असतं, तर त्या हाराचं सार्थक झालं असतं.

काही झालं नाही. परत केलं. परत काही नाही. पेनड्राइव्ह दुसऱ्या खाचेत लावला. कंबर धरली, पायात गोळा आला, पण मी हटलो नाही. कंपनीत लोक कुणाचं नाव घेतात? माझं! शेवटी अंगठा भिंतीवर मारला आणि पंखा घरघरला. स्क्रीनवर पट्टी आली! बारीक, मुंगीच्या पावलानं सरकणारी पट्टी. खाली तेच. बंद करू नका.

मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसलो. पट्टी निम्म्यात आली. स्क्रीन काळी झाली. पंखा विमानासारखा ओरडला. माझे हात वळवळत होते, पण मी उठलो नाही. रामरक्षा म्हणावी म्हटलं तर पहिली ओळ आठवेना. किती वेळ गेला देवाला माहीत. मग एकदम उजेड पडला आणि मनीषानं लावलेला फुलांचा फोटो समोर आला.

उठलं! अहो, माझ्या हातानं मारलेलं माझ्याच हातानं उठलं!

घड्याळ बघितलं, चार वाजून गेले होते. मी लॅपटॉप छातीशी धरून दाराकडं धावलो. दार ओढलं, तर उघडेना. परत ओढलं. बाहेरून कडी!

"अहो, उघडा! झालं! चालू झालं!"

बाहेरून आप्पांचा आवाज आला, दबका. "गप बसा की वं जरा."

मी दाराला कान लावला. पलीकडं मनीषाचा आवाज, स्वच्छ, ठाम. "मग आता मला सांगा, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यातलं पाणी जातं कुठं?" आणि तिच्यासमोर बसलेली केडगाव, भांडगाव आणि दौंडची सगळी मंडळी एका सुरात, "वाफ हुतीऽऽ!" त्यात बायोचा आवाज सगळ्यात मोठा.

पाठ संपला तशी कडी निघाली. मी बाहेर आलो. टेबलावर पल्लवीचा लॅपटॉप, समोर मनीषा, चेहरा नुसता फुललेला. शाळेनं पुढच्या आठवड्यात प्रत्यक्ष भेटायला बोलावलं होतं.

"पण तुझी चित्रं, तुझी तयारी?" मी विचारलं. "ती तर ह्यात होती ना?"

"मेलवर पण होती. कालच शाळेला पाठवली होती."

"म्हणजे पल्लवी आली तेव्हाच तुला माहीत होतं, की तिच्या लॅपटॉपवरून जमतंय?"

"हो."

"मग मला सांगायचं ना! मी तिकडं उताणा पडून भिंतीला लाथा मारतोय! आणि वर बाहेरून कडी? कडी कशाला?"

मनीषा शांतपणे म्हणाली, "तुम्ही मदतीला आला असता म्हणून."