आपल्याच दारावरची थाप

स्वतःच्या घराचे दार ठोठावून आत जाणारी कमरजहां कायदा जाणून तसे वागत होती, की निव्वळ अदब म्हणून? पुष्कळांना विचारूनही या प्रश्नाचे उत्तर मिळालेले नाही.

कमरजहां १९७२च्या मार्चमध्ये वारली. चाळिसाव्या दिवसाचा विधी उरकताच तिचे भाऊ मुनव्वर नारायण पेठेतील तिच्या खोलीवर हक्क सांगत आले. त्याच खोलीत त्यांची भाची रझिया, एका दिवंगत बहिणीची मुलगी, पुस्तकबांधणी करून पोट भरत असे. भाऊ हयात असताना भाचीला वारसाहक्काने काही मिळणार नव्हते. तिचा आधार एकच : तीन वर्षांपूर्वी खालाने, म्हणजे मावशी कमरजहांने, केलेला हिबा, म्हणजे तोंडी दान. ‘खोली तुला दिली’ हे शब्द जमातीतील वडीलधारे अल्लाबक्ष यांनी स्वतः ऐकले होते. रझियाने दान स्वीकारलेही होते. परंतु हिब्याला तिसरी गोष्ट लागते, ती ताबा. आणि खाला तर मरेपर्यंत तिथेच राहिली!

अल्लाबक्ष यांच्या निवाड्यासाठी सारे त्या खोलीतच जमले. हाताला लागलेली खळ पुसण्याचेही रझियाला भान नव्हते.

“ताबा दिला म्हणता, मग ती राहत कुठं होती? वाऱ्यावर?” मुनव्वर कडाडले. “अहो चाचा, तिचं डोकंच फिरलं होतं! गेल्या ईदला मी सोबत होतो. दार सताड उघडं, तरी ही बाहेर उभी! थाप मारून विचारते, ‘रझिया, येऊ का?’ मी पाय टाकला तर बाही धरली. म्हणे, ‘थांब, घर तिचं आहे, तिला ये म्हणू दे!’ शिरखुर्म्याचं दूध हातात धरून आम्ही उंबऱ्याबाहेर!”

दाराशी उभ्या असलेल्या शेजारच्या आनंदीबाई म्हणाल्या, “तीन वर्षं त्या थापेनं आमची दुपारची झोप मोडली. साक्ष द्यायला आले होते. आपण आमचे श्रम वाचवलेत.”

अल्लाबक्ष ताडकन उठले. “मुनव्वर, मालकीण दारात परवानगी मागत नसते. पाहुणा मागतो. खोली रझियाची.”

“पण चाचा...”

“तूच सांगितलंस ना, बाबा?”

रझियाला हसूही फुटत होते आणि रडूही. मुनव्वर तरातरा बाहेर पडले. उंबऱ्यापलीकडे गेल्यावर त्यांना छत्री आठवली. ते वळले, थबकले. मग उघड्या दारावर त्यांनी बोट वाजवले.

“रझिया, छत्री राहिली. येऊ का?”

“या ना, मामू! बसा, चहा टाकते.”

मुनव्वर १९७९ साली वारले. तोवर दर ईदला ते दार ठोठावूनच आत येत.