रजईतला ब्रेक

मोटार शिकवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली ब्रेकबाई म्हणते, आणि त्यात खोटं काही नाही. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. शिकणारा बावरला, की बाईंनी ब्रेक दाबायचा. आणि शिकणारा तर बावरतोच. नाहीतर पैसे भरून शिकायला कशाला येईल? आजवर बाईंच्या गाडीखाली साधी कोंबडीसुद्धा आलेली नाही. पायाखाली मात्र नवरा आला.

नवरा म्हणजे शाळेतले चित्रकलेचे मास्तर. मवाळ माणूस. वर्षभर दुपारी मास्तर शाळेत आणि बाई रस्त्यावर. हिवाळ्यात धुकं दाटलं, की गाडीची शिकवणी बंद आणि शाळेलाही सुट्टी. या सुट्टीसाठी मास्तरांनी दोघांना पुरेल अशी थोरली रजई आणली होती. जेवायचं, खिडक्या लावायच्या आणि दोघांनी एका रजईत गुडूप व्हायचं, एवढंच त्यांचं स्वप्न. लोक सुट्टीत डोंगर बघायला जातात; मास्तरांना आपल्याच घरातली उशी बघायची होती.

पहिल्या दुपारी डोळा लागतो न लागतो तोच बाईंचा उजवा पाय सणकन सुटला आणि मास्तरांच्या नडगीवर बसला. मास्तर कळवळले. बाई गाढ झोपेत. जरा वेळाने पुन्हा एक. संध्याकाळपर्यंत नडगीवर असा रंग चढला, की तो मास्तरांच्या रंगपेटीतही सापडला नसता.

"अहो, मला उठवायचं नाही का?" बाई खजील होऊन म्हणाल्या.

"वर्षातून एकदा निवांत झोपतेस. उठवू कसा?"

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी बाजू बदलली. ब्रेक उजव्या पायाचा, तेव्हा डावीकडे निर्धास्त, असा त्यांचा हिशेब. पण डावीकडे क्लच होता. क्लच ब्रेकसारखा फाडकन बसत नाही. तो हळूच येतो आणि दाबला की दाबलेलाच राहतो. मास्तर इंचाइंचाने सरकत शेवटी फरशीवर पोचले.

तिसऱ्या दिवशी ते पुन्हा उजवीकडे आले. फुटबॉल खेळणारी पोरं नडगीला बांधतात त्या जाड पट्ट्या शाळेतून आणल्या होत्या. त्या बांधून झोपायला निघाले, तर बाहेर त्यांची आई विणकाम घेऊन बसलेली.

"झोपायला निघालास की लढाईला?"

"आई, जरा थंडी आहे."

"थंडी बरी नडगीलाच वाजते." आईने एक टाका घातला. "असू दे. दुभत्या गाईच्या लाथा गोड." घर सुनेच्या गाडीवर चालत होतं, मुलाच्या चित्रांवर नव्हे, हे आईला पक्कं ठाऊक होतं.

त्या दुपारी ब्रेक पट्टीवर असा दणकन बसला, की बाईच जाग्या झाल्या. नवऱ्याचा तो अवतार बघून त्या आधी हसत सुटल्या आणि मग त्यांचे डोळे भरून आले. उठून त्यांनी बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली.

"उद्यापासून मी इथे झोपते. तुमची सुट्टी कशाला नासवू?"

मास्तर ती सतरंजी गुंडाळू लागले. लाथा परवडल्या, पण ही सतरंजी नको. "उद्याची एक दुपार दे," ते म्हणाले. "पुन्हा लाथ बसली, तर तुझी उशी मी स्वतः बाहेर आणून ठेवीन."

चौथ्या दिवशी मास्तर झोपलेच नाहीत. पट्ट्या न बांधता बाईंच्या उजवीकडे पडून राहिले, कानोसा घेत. थोड्या वेळाने बाईंच्या कपाळाला आठी पडली आणि त्या पुटपुटल्या, "लावा... ब्रेक लावा ना."

हे मास्तरांना नव्हतं. बाईंच्या स्वप्नात कुणीतरी शिकाऊ गाडी चालवत बसला होता. वर्षानुवर्षं त्या हेच सांगत आल्या होत्या आणि वेळेवर ब्रेक कुणीच लावला नव्हता. मास्तरांना त्यांची फार दया आली. नडगीचीही आली. घाईघाईने त्यांनी बाईंच्या कानाशी सांगितलं, "लावला."

निघालेला पाय अर्ध्यातच थांबला. "लावला?" बाईंनी झोपेतच विचारलं.

"लावला. गाडी उभी आहे."

बाईंनी लांब श्वास सोडला आणि पाय सैल पडला. पण थोड्याच वेळात पुन्हा आठी. "पुढे म्हातारी आहे."

"दिसली. तिला जाऊ दिलं."

"वळण..."

"सावकाश घेतोय."

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात स्टेअरिंगला हात लावला नव्हता, तो रजईत उताणा पडून बायकोला गावभर फिरवत होता. डोळे मिटायला लागले होते, पण झोपून कसं चालेल, गाडी चालू होती. आवाज ऐकून आई दाराशी आली.

"कुणाशी बोलतोयस रे?"

"आई, बाजूला हो. वळवतोय."

बाई जाग्या झाल्या तेव्हा अंधारून आलं होतं. गालावर उशीच्या सुरकुत्या उमटल्या होत्या. आधी त्यांनी रजई बाजूला करून मास्तरांच्या नडग्या तपासल्या. नवं काही नव्हतं.

"गंमतच झाली," बाई म्हणाल्या. "मी गाडीत बसले होते आणि नुसती खिडकीतून बाहेर बघत होते. आपल्या रस्त्याला एवढी झाडं आहेत, मला माहीतच नव्हतं."

"आणि चालवत कोण होतं?" मास्तरांनी जांभई दाबत विचारलं.

बाईंनी रजई पुन्हा दोघांच्या अंगावर ओढली.

"कोण जाणे. तिकडे बघावंच लागलं नाही."