पिलारचा मंगळवार

आज पिलारला मातीत ठेवून घरी आले, तर तिचा मंगळवार दुसऱ्या कुणाला देऊन टाकल्याची ईमेल येऊन पडली होती.

कोच राहिल्या नाहीत, त्यामुळे महिलांचा बास्केटबॉल बंद. तो स्लॉट आता पुरुषांच्या लीगला. वर दुःखात सहभागी असल्याच्या दोन ओळी.

तिच्यावरची फुलं तरी सुकू द्यायची होती.

इथे कॅनडात, हॅमिल्टनमधल्या आमच्या कम्युनिटी सेंटरमध्ये तिला सगळे ‘ती स्पॅनिश आजी’ म्हणायचे. हॉस्पिटलच्या फरशा पुसून रिटायर झालेली, ऐंशीला टेकलेली, तोंडाने फटकळ.

आणि ही बाई स्पेनच्या राष्ट्रीय संघातून बास्केटबॉल खेळलेल्या अगदी पहिल्या पोरींपैकी एक होती!

तेव्हा तिथे हुकूमशाही. पोरींनी पळू नये. पळायचंच असेल तर स्कर्ट गुडघ्याखाली हवा. मैदानाच्या दारात एक बाई तपासायला उभी.

“मग तुम्ही काय करायचात?” मी एकदा विचारलं.

“शिट्टी वाजली की कमरेला दोन घड्या. सगळ्यांनी एकदम! एकीला बाहेर काढता येतं. सगळ्यांना काढलं तर मॅच कोण खेळणार?”

पुढे ती देशाकडून खेळली. पेपरात फोटो आला, खाली तिच्या केसांचं कौतुक. स्कोअर नाहीच.

ते कात्रण तिने फ्रेम करून वॉशरूममध्ये लावलं होतं. “त्याची जागा तीच,” म्हणायची.

माझी-तिची ओळख लेकीमुळे. लेक आत खेळत होती, मी ग्रोसरीच्या पिशव्या सांभाळत बाकावर. पिलारने सरळ माझ्या अंगावर बॉल टाकला.

“नो नो, मी फक्त हिची मम्मी आहे.”

“फक्त? ऊठ!”

परभणीला शाळेत खो-खो खेळलेली मी, चाळिशीत पुन्हा पळायला लागले. धक्का लागला की सॉरी म्हणायचे. ती प्रत्येक सॉरीला कोर्टभोवती एक फेरी मारायला लावायची. पहिल्या महिन्यात मी नुसती फेऱ्याच मारल्या.

मागच्या विंटरमध्ये एका मंगळवारी स्नोमुळे आम्ही चौघीच आलो होतो. मॅनेजर म्हणाला, अटेंडन्स कमी आहे, पॉलिसीप्रमाणे स्लॉट जाईल.

पिलारने खुर्ची ओढली आणि कोर्टाच्या मधोमध जाऊन बसली.

“माझ्या देशातही पॉलिसी होती. ती गेली. मी अजून आहे.”

मॅनेजर आमच्याकडे वळला. “तुम्हाला काही म्हणायचंय?”

मी बुटांच्या लेस बांधत बसले. बांधलेल्याच होत्या.

पीआरचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीचा, अर्ज लटकलेला होता ना. वाटलं, उगाच कुठे आपलं नाव नको. जिमच्या मॅनेजरचा आणि इमिग्रेशनचा काडीचा संबंध नाही, हे आज कळतं. तेव्हा आम्ही लायब्ररीचं पुस्तक उशिरा द्यायलाही घाबरायचो.

ज्या आजोबांनी गावच्या विहिरीवर सगळ्यांदेखत पाणी भरलं, मार खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलं, त्यांची मी नात. आणि मी लेस बांधत होते. लाज वाटते लिहायला.

त्या दिवशी स्लॉट वाचला, तो तिच्या एकटीच्या जिवावर.

मी तिला घरी सोडायला गेले तेव्हा गाडीत रडले. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मी पण आले तेव्हा कित्येक वर्षं तोंड उघडलं नाही. कागद नव्हते. भीती मला माहीत आहे. पण ती जन्मभर पोसायची नसते.”

पीआर येऊन चार महिने झाले. तोंड उघडायची वेळ आज आली.

ईमेल वाचून लेक म्हणाली, “मम्मा, दॅट्स सो नॉट फेअर. आर यू गोइंग टू से समथिंग?”

उत्तर पाठवलंय. तीनच ओळी.

‘कोच नाही, असं तुम्ही लिहिलंय. उद्यापासून कोच मी आहे. प्रोग्राम चालू राहील.’

खाली माझं पूर्ण नाव आणि फोन नंबर.

मला धड ड्रिबल येत नाही. शिकेन. रेफरीचे नियम पाठ नाहीत. करेन. पण सार्वजनिक जागेवरून आम्हाला कुणी उठवायचं नाही.

उद्या मंगळवार. संध्याकाळी सहा वाजता या. आसपासच्या किचनर, ओकव्हिलहूनही या. खेळता येत नसलं तरी या, मलाही येत नाही.

पिलार, नीज आता. शेवटचा जय भीम!