आमच्या जिन्यावरचं कॉलेज

कागदाची कातरणं कितीही झाडा, पलंगाखालून थोडी निघतातच. आमच्या जिन्यावरच्या गमतींचं तसंच आहे. सगळ्या सांगून झाल्या असं वाटतं, तेवढ्यात कोणीतरी म्हणते, "अन् ते पत्ताकोबीचं सांग ना वं," की परत सुरू.

आम्ही सावंगीला भाड्यानं राहतो. वरच्या खोल्यांत मी, माझे मिस्टर, सासूबाई आणि माझी स्वरा. बाजूला शालू वहिनी, खाली घरमालकीण काकू. दुपारी जिन्यावर सावली असते, म्हणून सगळ्या तिथंच कागद कापत बसतो.

पण हे कागदाचं काम हौसेनं नाही, भीतीनं सुरू झालं. स्वरा घरात इतकी बोलते की कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. उंबरठा ओलांडला की तोंडाला कुलूप. नर्सरीत गेल्यापासून एक शब्द नाही. लोक तर तोंडावर म्हणत, "नाव स्वरा, अन् सूरच नाई!"

एक दिवस मॅडमनं मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत वाट पाहू, मग डॉक्टरांना दाखवा. तोवर घरी तिच्यासोबत कागदाच्या वस्तू करा, मोबाइलवर तिच्या फोटोंची पानं बनवा. तिला बोलायला काहीतरी विषय मिळेल."

मी सातवी शिकलेली. त्यांचं बाकीचं बोलणं अर्धंमुर्धं समजलं, पण "डॉक्टर" तेवढं बरोबर ऐकू आलं. घरी येतानाच रंगीत कागद, गोंद अन् कैची घेऊन आली.

*

पहिल्यांदा केलं कमळ. हिरवा कागद जास्त होता म्हणून पाकळ्याही हिरव्याच केल्या. शालू वहिनीनं मोबाइलवर पाहून पाहून सांगितलं, मी घड्या घातल्या. तयार झाल्यावर मोठ्या थाटात सासूबाईंच्या हातात दिलं.

त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं. "पत्ताकोबी चांगली बनवली. आतून किडकी तर नाई?"

"आई, कमळ हाय ते."

"असं का? मंग देवापाशी ठेव. मी भाजीच्या टोपल्यात ठेवून राह्यलती."

स्वरा हसून हसून लोळली. नंतर कितीतरी दिवस घरात "पत्ताकोबी, पत्ताकोबी" चालू होतं. शाळेच्या फाटकाशी आलो, की बंद.

*

मग आम्ही जुन्या लग्नपत्रिका कापायला लागलो. त्यांचा कागद जाड असतो, त्यावर सोनेरी नक्षी असते, फुलपाखरं फार सुंदर होतात. ती दोऱ्यात ओवून मी जिन्यावर तोरण लावलं. संध्याकाळी घरमालकीण काकू खालून वर आल्या अन् तोरणापाशीच थांबल्या. एका पंखावर त्यांच्या पोरीचं नाव, चि. सौ. कां. सकट!

मला वाटलं, आता खोली खाली करायला सांगतात.

काकूनं चष्मा लावून दुसरा पंख पाहिला. "अन् जावयाचं नाव कुठं गेलं?"

शालू वहिनी हळूच म्हणाली, "ते कापल्या गेलं, काकू."

"राहू दे. तसाही तो आमच्या घरी कुठं दिसते."

ते फुलपाखरू काकू स्वतः काढून घेऊन गेल्या. आता त्यांच्या टीव्हीवर चिकटवलेलं आहे. पाहुण्यांना सांगतात, "वरच्या बाईनं केलं."

*

मोबाइलवरच्या पानांची गंमत वेगळीच. मिस्टरांनी फोटो जोडायचं अॅप टाकून दिलं. त्यावर इंग्रजीत नाव होतं. मी अक्षर अक्षर लावून वाचलं: कॉ-ले-ज. म्हटलं असेल, काही शिकवत असतील. सासूबाईंनी विचारलं, "दुपारभर काय करून राह्यली वं मोबाइलवर?" मी सांगितलं, "कॉलेज."

त्यांनी लगेच भाजीवालीपासून देवळापर्यंत सगळ्यांना सांगितलं, "आमची सून घरी बसून कॉलेज करून राह्यली. सातवीवर थांबलती, आता पुढं चालली."

देवळातल्या एका बाईनं विचारलं, "कोणत्या वर्षाले हाय?"

सासूबाई म्हणाल्या, "फोटो झाले. आता बॉर्डर चालू हाय."

ते कॉलेज नाही, फोटो जोडायचं कोलाज आहे, हे मला मिस्टरांनी नंतर समजावलं. पण सासूबाईंना सांगायची हिंमत कोणाची नाही झाली. त्यांचा चेहराच तसा फुललेला होता.

*

शालू वहिनीलाही नाद लागला. तिनं तिच्या मिस्टरांचा, म्हणजे भाऊजींचा फोटो घेतला, बोटानं मागची भिंत पुसायला लागली. भिंतीसोबत त्यांचा एक कानही पुसला गेला. वर मुकुट, बाजूला गुलाब लावून तिनं तो वाढदिवसाला स्टेटसला ठेवला.

भाऊजी संध्याकाळी आले ते भडकूनच. "मले एकच कान काऊन?"

वहिनी पोळी लाटता लाटता म्हणाली, "दुसरा तुम्ही वापरता कुठं?"

*

माझं पहिलं पान मात्र बरोबर झालं. स्वरा कागदाच्या पंख्यानं आजीला वारा घालते, स्वरा गोंदात बोट बुडवते, स्वरा झोपते तर गालाला कातरण चिकटलेलं. खाली मी लिहिलं, 'स्वराचे हात'. झेरॉक्सच्या दुकानात रंगीत प्रिंट काढायला गेली, तर त्या भाऊनं एक जास्तीची काढून काऊंटरवर ठेवायची परवानगी मागितली. म्हणे, "ताई, सँपल म्हणून राहू द्या. लोकं विचारतात, असं कोण करून देते."

मी मानेनंच हो म्हटलं. रस्त्यानं घरी येताना मात्र माझी चाल बदलली होती, ते मलाच कळत होतं.

मॅडमनं ते पान वर्गाच्या भिंतीवर लावलं. सगळी लेकरं जमली. मॅडमनं विचारलं, "स्वरा, हे कोण आहे?" स्वरानं माझ्या ओढणीत तोंड लपवलं. दिवाळी जवळ आलेली. मी शालू वहिनीला डॉक्टरांच्या वेळा विचारून ठेवल्या.

*

मग एक दिवस भाजी फोडणीला टाकली अन् शाळेचा फोन आला. गॅस बंद करायचंही भान नव्हतं, सासूबाईंनी केला.

"स्वराची आई, घाबरू नका," मॅडम म्हणाल्या. "आज वर्गात कागदाचं जहाज शिकवत होते. माझी घडी काही केल्या बसेना. सारखी उघडत होती. तुमची मुलगी जागेवरून उठली, माझ्या टेबलापाशी आली."

"काही फाडलं का तिनं, मॅडम?"

"नाही हो. बोलली."

"काय बोलली?"

"सगळ्या वर्गासमोर, चांगलं मोठ्यानं. 'मॅडम, घाई काऊन करून राह्यली वं? नखानं दाब ना.'"

"अरे देवा. मॅडम, ती घरी आजीसोबत असंच बोलते, तुम्ही राग नका मानू. मग?"

"मग काय," मॅडम म्हणाल्या, "दाबली नखानं."