बाबांची बोटं

तव्याला बोट लागून सून किंचाळली, आणि करपल्या कातडीच्या वासाने मला तेजीच्या वर्षांतला अमरावतीचा कापूसबाजार आठवला.

माझे बाबा नुसत्या बोटांनी चाचपून रुईची प्रत सांगत. एका सकाळी त्यांच्या बोटाला चिलमीचा निखारा चिकटला. वास मला आला. त्यांना पत्ताच नव्हता.

“बाबा, बोट जळून राह्यलं!”

त्यांनी निखारा झटकला, बोटाला करकचून चिमटा घेतला. मग शांतपणे व्यापाऱ्याला म्हणाले, “शेटजी, आता माल दुसऱ्याले दाखवा. माह्या बोटाईले काई समजत नाई.”

ती महारोगाची सुरुवात होती. ते त्यांनी ओळखलं, मला कळलं नाही. माझ्या बाबांना निखारासुद्धा भाजत नाही, असं मी दिवसभर मैत्रिणींना अभिमानाने सांगत फिरले. आठवड्याभरात आमच्या घरचं पाणी कोणी पिईना.