भूपेशची फर्माईश

चामोर्शीकडच्या त्या गावात जुन्या मालगुजारी तलावाच्या, म्हणजे मामा तलावाच्या पाळीखाली, बांधाला लागून, मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं आहेत. त्यातलं उमाजीचं घर शोधायला कुणाला विचारावं लागत नसे. ज्या घराच्या वळचणीपासून मोहाच्या झाडाच्या शेंड्यापर्यंत तांब्याची तार गेलेली दिसे, ते उमाजीचं. चामोर्शीच्या, विहिरीवरच्या मोटारी बांधणाऱ्या मिस्त्रीला दोन मोठ्या मरळ मासोळ्या देऊन त्याने ती जळक्या मोटारीतली तार आणली होती. वाऱ्याने ती लोंबू नये म्हणून टोकाला जाळ्याची शिशाची वजनं बांधली होती. तार कशी ताणावी हे ढिवराला कुणी शिकवायचं!

तारेच्या अलीकडच्या टोकाला तीन बँडचा रेडिओ होता. मिडियम वेव्हवर नागपूर लागायचं, ते साऱ्या गावाला माहीत होतं. पण उमाजीचा जीव अडकला होता शॉर्टवेव्हमध्ये. बटन केसभर सरकलं की एक मुलूख जायचा आणि दुसरा यायचा. संध्याकाळी विलायतेहून हिंदीत बातम्या, दुपारी दिल्लीहून फर्माईशीची गाणी. आवाज कधी जवळ यायचा, कधी तळाशी जायचा, पुन्हा वर यायचा. उमाजी म्हणायचा, हे पाण्यासारखंच आहे, लाट गेली तर परत येते, माणसाने दम धरावा. या करमणुकीला भाडं नाही, वर्गणी नाही. सेल तेवढे लागत. तेही मंदावले की कौलांवर उन्हात ठेवून तो आणखी काही दिवस ओढून घेई.

"त्या डब्ब्याले एवढा कान देते हा मानूस," त्याची बायको चंदाबाई पाळीवर साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "त्यातला अर्धा मले देला असता तं माह्या जलमाचं सोनं झालं असतं."

उमाजी हसायचा. ऐकल्याचं मात्र दाखवायचा नाही.

फर्माईशीची एक रीत होती. गाणं ऐकायचं म्हणून कुणी पोस्टकार्ड टाकत नसे. गाणं तर कुणाच्याही फर्माईशीवर लागतंच. कार्ड टाकायचं ते नावासाठी. दिल्लीचा तो माणूस गोड आवाजात जिल्ह्याचं नाव घेतो, गावाचं घेतो, मग घरातल्या साऱ्यांची नावं एकेक करून वाचतो. तलावातल्या मासळीशिवाय ज्यांना कुणी ओळखत नाही, त्यांची नावं साऱ्या देशावरून फिरून येतात. उमाजीला लिहिता येत नव्हतं. भूपेश, त्याचा एकुलता एक पोरगा, चौथीत गेला तेव्हापासून बापासाठी कार्डं लिहायचा. हिंदी मोडकंतोडकं, पण अक्षर मोत्याचं. नावांचा क्रम ठरलेला: उमाजी, चंदाबाई, भूपेश.

कार्डं ढीगभर टाकावी लागत, त्यातलं एखादं लागे, तेही कधी, ते सांगता येत नसे. "फेकलेल्या हर जाळ्यात मासा येते का?" उमाजी पोराला म्हणायचा. ज्या दुपारी पहिल्यांदा नावं आली, त्या दुपारी भूपेश उघडाच साऱ्या पाळीवर ओरडत धावला. तलावाची राखण करणाऱ्या लटारूने आनंदाने पत्र्याचा पिपा बडवला. चंदाबाईने गुळाचा चहा केला आणि चेहरा वाकडा करून म्हणाली, "माहं नाव काऊन घेतलं? मी का गाणं मागतलं होतं?" पण तिन्हीसांजेपर्यंत ती नवीनच लुगडं नेसून हिंडत होती.

मग पोरगा मोठा झाला आणि गावात केबल आली.

टीव्ही आला तो किराणा दुकानदाराच्या घरी. क्रिकेट असलं की तिथे जत्रा भरायची. भूपेशही जायचा. वीस वर्षांचा पोरगा, त्याला बापाच्या डब्ब्यातली खरखर आता लाज आणायची. त्या हिवाळ्यात एका मॅचच्या दिवशी तो दुकानदाराच्या खोलीत इतरांबरोबर सतरंजीवर बसला. दुकानदाराच्या बायकोने नाकाला पदर लावला आणि साऱ्यांदेखत म्हणाली, "तू बाहेर खिडकीपाशी बस बाबू. मासोळीचा वास येऊन राह्यला." पोरं हसली. भूपेश उठला तो तडक घरी आला.

ओसरीवर उमाजी कानाला रेडिओ लावून बसला होता.

"बाबा, आपल्या घरी टीव्ही घेऊ. केबल लावू."

"कायले? सारं जग इथी फुकटात येऊन राह्यलं. बस, म्याच चालू हाये. आयक."

"खरखर आयकू का? साऱ्या गावाले चित्र दिसते अन् आपुन डब्ब्याले कान लावून बसाचं!"

"डोये असून लोकं आंधये झाले बापा त्या टीव्हीपायी," उमाजी म्हणाला. हे त्याचं आवडतं वाक्य होतं, आणि ते म्हणताना तो हसला. काय झालं, तुझा चेहरा असा का, हे त्याने विचारलं नाही. कान रेडिओला होते ना.

भूपेशने वळचणीतला कोयता उपसला आणि तारेवर घातला. मोहाकडचं टोक शिशासकट धपकन खाली आलं. रेडिओतला माणूस वाक्य अर्धं टाकून गेला. उमाजी उठला आणि त्याने पोराच्या थोबाडीत मारली. भूपेश जन्मल्यापासून त्याच्यावर बापाचा हात कधी उठला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मिरची तोडायला आंध्रात जाणाऱ्यांची गाडी गावातून निघाली. दरसाल निघते. लटारूचा पुतण्या निकेश जाणार होता, त्याच्यासोबत भूपेशही चढला. आईच्या पाया पडला. बापाकडे पाहिलं नाही. उमाजी तलावात जाळं टाकत उभा राहिला, गाडी पाळीच्या वळणाआड जाईपर्यंत त्याने मान वळवली नाही. दोघेही एकाच मातीचे.

दुकानदाराच्या घरची गोष्ट चंदाबाईला शेजारणीकडून कळली. तिने ती नवऱ्याच्या ताटात भाताबरोबर वाढली.

"खिडकीपाशी बस म्हनलं माह्या लेकराले. तुमी विचारलं का त्याले, बापा, काय झालं म्हून?"

उमाजीचा घास हातातच राहिला. बाजारात लोक नाक मुरडतात हे त्याला नवं नव्हतं. त्याने ते आयुष्यभर गिळलं होतं. पण पोराने का गिळावं? त्या दिवसापासून त्याच्या मनाने एकच घेतलं, पोरगा परत आला की त्याला आपल्या घरात, आपल्या सतरंजीवर बसून मॅच दिसली पाहिजे.

घरच्या दोन्ही बकऱ्या विकल्या गेल्या. ऊर्जानगरला वीज केंद्राच्या क्वार्टरांत चंदाबाईचा चुलतभाऊ ठेकेदाराकडे कामाला होता. त्याने कुण्या साहेबाचा जुना काळा-पांढरा टीव्ही मिळवून दिला. उमाजीने तो चादरीत गुंडाळून, एस.टी.त मांडीवर घेऊन आणला. कंडक्टर म्हणाला, खाली ठेवा. उमाजीने काही ऐकलं नाही. केबलवाल्याने वायर जोडली, चित्र आलं, पाळीवरची सारी पोरं आत शिरली, आणि उमाजीने एकालाही खिडकीपाशी बसू दिलं नाही.

राहिला रेडिओ. तो त्याने उचलला आणि तलावावरच्या लटारूच्या झोपडीत नेऊन ठेवला. तुटलेली तार गाठ मारून जोडली आणि तिथल्या बांबूला ताणून दिली.

"उमाजीभाऊ, हे काय करून राह्यले?" लटारू घाबरला. "तुमचा जीव हाये हा!"

"पोरगा आल्यावर त्याले ह्या डब्ब्याचं तोंड नाई दिसलं पाह्यजे. तू आयकत जाय."

चंदाबाई म्हणाली, आंध्रात जाणाऱ्या कुणासोबत सांगावा धाडू, घरी टीव्ही आला म्हणून. उमाजीने तिच्या तोंडावर हात ठेवला. "काई सांगू नोको. शिमग्याले तो येईनच. दारातून आत आल्यावर पाहू दे त्याले." त्याला पोराचा चेहरा पाहायचा होता. एवढा एकच हट्ट त्याने केला, आणि तो हट्ट त्याला मरेपर्यंत पुरला.

शिमग्याच्या तोंडावर एक टेम्पो पाळीवर येऊन थांबला. निकेश खाली उतरला, पण पुढे येईना. मिरचीच्या शेतात पालाखाली भूपेशला हिवताप आला होता. गोळ्या दिल्या, उतरला, पुन्हा चढला आणि डोक्यात गेला. दवाखान्यात नेईस्तोवर सारं संपलं होतं. मिरचीच्या पोत्यांवर चादर अंथरून त्याला आणला होता. चादरीतून मिरचीचा ठसका येत होता. त्याला उचलणारे रडत होते की खोकत होते ते कळत नव्हतं. उमाजीने पोराचा चेहरा पाहिला. दारातून आत आल्यावर पाहायचा होता तो चेहरा हा नव्हता.

तेरवी झाली. टीव्हीवर चंदाबाईने जुनं लुगडं टाकलं. केबलवाला आला, दाराशी उभा राहिला आणि आपली वायर गुंडाळून घेऊन गेला.

मग एक दिवस निकेश ओसरीवर येऊन बसला. त्याचा काका लटारूही सोबत होता. निकेश जमिनीकडे पाहत उमाजीला सांगू लागला.

"काका, एक सांगाचं होतं. भूपेश दर बाजाराले कार्डं घेऊन ये. मिरचीच्या पोत्यावर बसून लिहे. सारे हसत त्याले. म्या म्हनलं, तुले तं रेडिओचा राग हाये ना? तं म्हने, बाबा रागावला असन, पन रेडिओ काई बंद करनार नाई. तिघाईचं नाव आलं का बाबा समजून जाईन. घरी येतो म्हून वेगळं सांगाची गरज नाई पडनार."

उमाजीने मान वर केली. "रेडिओ बंद करनार नाई म्हने?"

"हो काका."

चंदाबाईने तोंडात पदर कोंबला. तेवढ्यात लटारू हुंदके देऊ लागला. म्हातारा माणूस, लहान पोरासारखा रडत होता.

"भाऊ, मले माफ करा. तेरवीच्या आदल्या दिवशीच आलं नाव. झोपडीत मी एकटाच होतो. आपल्या गावाचं नाव घेतलं, मंग तुमचं, बाईचं, मंग भूपेशचं. मी भेलो भाऊ. मेल्या मानसाचं नाव कसं घेते म्हून घबरून बंदच केला. तुमाले कोन्या तोंडानं सांगू?"

"गानं कोनतं लावलं होतं?" उमाजीने विचारलं.

"आयकलंच नाई भाऊ. म्या बंद केला."

उमाजीला राग आला नाही. कुणावर करायचा? डबा देणारा तोच, सांगावा अडवणाराही तोच. पोराने माफी मागितली होती की माफ केलं होतं, कोण जाणे. जे काही होतं ते दिल्लीहून बापाच्या नावाने निघालं होतं आणि बापाच्या घरात तेव्हा रेडिओ नव्हता.

त्याने निकेशला एवढंच विचारलं, "कार्डं लय टाकले होते का?"

"लय काका. मुठीनं टाके पेटीत."

त्याच दिवशी उमाजीने रेडिओ घरी आणला. मोहावर चढून तार पुन्हा बांधली. लटारूला चढू दिलं नाही. आणि दुसऱ्या दुपारपासून तो ओसरीवर बसू लागला. बातम्या नाही, मॅच नाही. फक्त फर्माईश. गावोगावची नावं यायची, कुठल्या कुठल्या पोरांची, त्यांच्या आयांची, साऱ्या मोहल्ल्याची. उमाजी मान खाली घालून ऐकायचा. कार्यक्रम संपला की बटन बंद करून जाळं घेऊन जायचा. लोक म्हणू लागले, उमाजीचं डोकं फिरलं. फिरलंच होतं म्हणा, पण दिशा बरोबर होती.

चंदाबाई सुरुवातीला त्या वेळी घरातून निघून जायची. "मेलेलं लेकरू का डब्ब्यातून येते?" म्हणायची. मग एक दिवस ती दाराच्या आत बसली. मग उंबऱ्यावर. भाताची रोवणी झाली तोपर्यंत ती नवऱ्याशेजारी बसून सुपात तांदूळ पाखडत ऐकू लागली होती. सेल उन्हात ठेवायचं काम तिने आपल्याकडे घेतलं. कधी उमाजीला तलावावर उशीर झाला तर ती पाळीवर उभी राहून हाक मारायची, "या ना लवकर, लागाची वेळ झाली!" इतकी वर्षं त्या डब्ब्याला शिव्या घालणारी बाई.

पोळा होऊन गेला होता. आभाळ भरलेलं होतं आणि आवाज सारखा वर-खाली होत होता. दिल्लीचा माणूस कुठल्याशा गाण्याची फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचत होता. आणि मध्येच त्याने जिल्हा गडचिरोली म्हटलं. पुढे गावाचं नाव घेतलं, दिल्लीकराने घ्यावं तसं वाकडंतिकडं, पण त्यांचंच. चंदाबाईच्या हातातलं सूप तिथेच थांबलं.

"उमाजी," तो माणूस म्हणाला.

उमाजीने रेडिओ दोन्ही हातांनी धरला.

"चंदाबाई, और..."

आणि लाट तळाशी गेली. खरखर उरली, बारीक, लांबच्या लांब. उमाजीने तारेला हात लावला, रेडिओ उचलून धरला, खाली ठेवला, फिरवला. आयुष्यभर ज्याने लाट परत येते म्हणून दम धरला होता, त्याला आता एका श्वासाचाही दम निघेना. लाट परत आली तेव्हा नावं संपली होती आणि गाण्याची पेटी वाजू लागली होती.

"गेलं व," तो म्हणाला. "त्याचंच गेलं. माहं घेतलं, तुहं घेतलं, अन् त्याचंच गेलं."

तो म्हातारा झाल्याचं चंदाबाईला त्या क्षणी दिसलं. तिने सूप बाजूला ठेवलं. रेडिओपुढे वाकली आणि दिल्लीपर्यंत जावं अशा मोठ्या आवाजात त्या डब्ब्याला म्हणाली,

"भूपेश! उमाजी, चंदाबाई, अन् भूपेश!"

मग तिने नवऱ्याचा हात धरला आणि म्हणाली, "आलं ना बापा नाव. आता गानं आयका. आपल्या लेकरानं लावलं हाये."

गाणं चालू होतं. उमाजीने बटनाला हात लावला नाही. गाणं संपेपर्यंत दोघं ओसरीवर रडत बसली.